जारवालीची पिकअप

गाडी विकायचं ठरलं तेव्हा मी गाडीखालीच होते.

पाठीखाली पोतं, अंगात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, हातात तपासणीचा बल्ब आणि डोळ्यांत वाळक्या चिखलाचा भुगा. आमची पेट्रोलवरची छोटी पिकअप सकाळी अंगणातच बंद पडली होती. एरवी किल्ली फिरवली की टाकीतून बारीक घूं असा आवाज यायचा. तो आज आला नव्हता. सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं आत्या, खिडकीतून हात घालून किल्लीशी उभ्या होत्या.

"फिरवा आत्या."

त्यांनी किल्ली फिरवली. टाकीच्या वायरीला लावलेला बल्ब पेटला. म्हणजे वीज टाकीपर्यंत येत होती आणि आतला पंप मात्र गप्प होता. "पंपच गेलाय, आत्या!" मी खालून ओरडले.

तेवढ्यात गाडीच्या पलीकडे मामांच्या वहाणा दिसल्या. मामा म्हणजे सासरे. त्यांच्याबरोबर पांढरे बूट होते. गावात दिवसाउजेडी पांढरे बूट घालून फिरणारा माणूस एकच, पोल्ट्रीवाला दिनकर पोवार.

"तात्या, हाय तशी न्हेतो," बूट म्हणाले. "दोरी लावतो आन् वडत न्हेतो. तुमच्या दारातली कटकट जाईल."

"संध्याकाळी ये दोर घिऊन," मामा म्हणाले. "कागद माझ्याच नावावर हायती. बाईच्या हातात गाडी दिली तवाच मला कळलं हुतं हे असं हुणार. रिझर्ववर पळवती, मग पंप जळंल न्हाई तर काय?"

टाकीत पेट्रोल कमी झालं की पंप तापतो हे मला माहीत होतं, मी रिझर्ववर कधीच पळवत नव्हते. माझा स्वभाव मुळात तिखट, त्यात हे असलं ऐकून माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी गाडीखालून सरपटत बाहेर आले ती सरळ दिनकर पोवारांच्या बुटांपाशीच. ते दचकून मागं सरले.

"संध्याकाळपत्तोर गाडी चालू झाली तर, मामा?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसात माती, गालावर ग्रीस. माझा अवतार बघण्यासारखाच असणार.

"कोण चालू करणार? तालुक्याचा मेकॅनिक चार दिस येत न्हाई म्हणतोय."

"मी करणार."

दिनकर पोवार हसले. "वहिनी, पेट्रोलची टाकी खोलणं म्हंजी कुकरचं झाकण काढणं न्हवं."

"तुमी कधी कुकरचं तरी काढलंयसा काय?" मी म्हटलं.

आत्यांनी तोंड फिरवलं. हसल्या की रागावल्या, कळलं नाही. मामांना मात्र पाहुण्यासमोर माघार घेणं जड गेलं असावं. "बरं," ते म्हणाले. "दिवेलागणीपत्तोर चालू झाली तर ठेवतो. न्हाई झाली तर दिनकर वडत न्हेतोय. मग रडायचं न्हाई."

"रडत न्हाई मी," मी म्हटलं. आणि खरंच मी रडणाऱ्यातली नव्हते.

ती गाडी म्हणजे माझं काय होतं ते सांगते. नवरा फौजेत, तेव्हा राजस्थानात. त्यानं सुट्टीत येऊन गाडी घेतली, मला चालवायला शिकवली आणि परत गेला. मी तिच्यातून पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायचे. हायवेवरची हॉटेलं, शाळा, सोसायटी, बाजारातली दुकानं. आधी लोक मला चौगुल्यांची सून म्हणायचे, मग फौजीची बायको म्हणायला लागले. गाडी हातात आल्यावर 'जारवाली वैजयंता' म्हणायला लागले. सगळ्यात आधी कोणी माझं नाव घेतलं असेल तर ते त्या गाडीमुळे. गाडी गेली असती तर मी पुन्हा कुणाची तरी कुणीतरी झाले असते.

आणि पंपाची मला भीती नव्हती. माझ्या वडिलांचं विहिरीच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारी खोलायच्या, तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे, हे बघतच मी मोठी झाले. दहावीच्या सुट्टीत मी एकटीनं पाण्यातली मोटार खोलून जोडली होती. पाण्यात बुडून पाणी वर ढकलणारा तो पंप आणि पेट्रोलमध्ये बुडून पेट्रोल पुढं ढकलणारा हा पंप, फरक एवढाच की पहिला चुकला तर पाय भिजतात आणि दुसरा चुकला तर घर पेटतं.

शेजारच्या सुवर्णाची स्कूटी घेऊन मी तालुक्याला गेले आणि नवा पंप, रबरी रिंग, नळीच्या क्लिपा घेऊन दुपारच्या आत परत आले. दुकानदारानं दोनदा विचारलं, मेकॅनिक कोण आहे. मी दोनदा सांगितलं, आहे एक.

घरी आल्यावर पहिला हुकूम सोडला. "आज घरात विस्तव न्हाई. चूल न्हाई, गॅस न्हाई, देवाजवळ दिवा न्हाई, उदबत्ती न्हाई. मामा, तुमची बिडी बी न्हाई."

"घर तुझं हाय का माझं?" मामा ओरडले.

"घर तुमचं, पेट्रोल माझं. बिडी वढायचीच असली तर देवळापाशी जावा."

मामा गेले नाहीत, पण बिडी कानावर ठेवून दिवसभर ओट्यावर बसून राहिले. आत्यांनी चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. दुपारी सगळ्यांनी सकाळची भाकरी आणि चटणी खाल्ली. मामांची नजर माझ्यावरून हटेना.

मी बॅटरीची वायर काढली. टाकीतलं पेट्रोल नळीनं कॅनमध्ये घेऊन कॅन परसात लांब नेऊन ठेवला. टाकीखाली विटा रचून वर फळी टाकली आणि टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे नट सोडायला बसले. नट गंजलेले. एकानं तर माझ्या बोटाचं साल काढलं. आत्या पदर खोचून आल्या आणि टाकीला दोन्ही हातांनी खालून आधार देऊन बसल्या. त्यांना मी बोलावलं नव्हतं.

आत्या म्हणजे कमी बोलणारी बाई. या घरात आल्यापासून त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलेलं मला आठवत नव्हतं. भाजी छान झाली तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या, तेवढंच. त्या दिवशी तर त्यांचं काहीतरी बिनसलेलंच होतं. सारखी चुळबुळ.

"टाकी उघडावीच लागती व्हय गं?" त्यांनी विचारलं.

"पंप आत हाय न्हवं."

"वरनं न्हाई बसत?"

"न्हाई आत्या."

थोड्या वेळानं पुन्हा. "आतलं समदं दिसतंय काय, उघडल्यावर?"

"दिसंल की. कशापायी?"

"काय न्हाई," त्या म्हणाल्या आणि टाकी घट्ट धरली.

नळ्या सोडल्या, वायरीचा जोड काढला, टाकी हळूहळू फळीवर घेतली. पंपाच्या झाकणावर एक मोठी गोल रिंग असते, ती फिरवून काढायची. लोखंडावर लोखंड मारलं तर ठिणगी उडते, म्हणून मी लाकडाचा तुकडा लावून हळूहळू ठोकत गेले. रिंग सुटली. झाकण उचललं. पंप बाहेर आला.

पंपाच्या तळाशी बारीक जाळी असते. तिच्यातून पेट्रोल गाळून वर जातं. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर नासलेल्या दह्यासारखा पिवळट, चिकट गोळा बसला होता. मी बोटानं खरवडला. पेट्रोलच्या वासातही तुपाचा वास आला. टाकीच्या तळाशी पाहिलं तर दुधाळ पाण्याचा थर. आणि जाळीच्या एका कोपऱ्यात, काळं पडलेलं, पण ओळखू येण्यासारखं तुळशीचं पान.

मी पान चिमटीत धरलं. आत्यांकडं पाहिलं. आत्या जमिनीकडं बघत होत्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. विळे, खुरपी, नांगराचा फाळ, आणि आता गाडी. गाडीला मी हार घातला होता आणि परसात जार भरायला गेले होते. आत्या देवाजवळ पंचामृताची वाटी घेऊन बसल्या होत्या. टाकीच्या झाकणाची किल्ली देवघराच्या खिळ्यालाच असायची. दसरा झाल्यावर गाडी चढाला धाप टाकायला लागली होती आणि मी पेट्रोल भरणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. जाळी बुजली, पंप ओढून ओढून तापला आणि जळाला. सगळं माझ्या डोळ्यांसमोर नीट जुळलं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. लोकांचे जार राहिले, बोट फुटलं, माझी गाडी दोरीला बांधून ओढत न्यायची वेळ आली, आणि कशानं, तर वाटीभर दुधातुपानं! मी तोंड उघडलं.

"काय निघालं गं?" ओट्यावरून मामांनी विचारलं.

आत्यांनी मान वर केली. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. ही बाई कुणाला घाबरताना मी तोवर पाहिली नव्हती.

"कचरा," मी म्हटलं. पान शर्टाच्या खिशात टाकलं.

आत्या उठून आत गेल्या. मला वाटलं, गेल्या आता. पण त्या एक मऊ सुती लुगडं घेऊन आल्या, चांगलं धडकं होतं, आणि माझ्यासमोर टराटरा फाडून त्याचे तुकडे केले. मग आम्ही दोघींनी मिळून टाकी धुतली. मी आत थोडं पेट्रोल घालून हिसळायची आणि आत्या हात घालून पुसायच्या. पितळेची समई घासावी तशी त्यांनी ती टाकी आतून लख्ख केली. मी पुरे म्हटलं तरी थांबेनात. 

नवा पंप बसवला. रबरी रिंग खाचेत बसली की नाही ते बोटानं सगळीकडून चाचपलं, कारण ती जरा जरी मुडपली तरी पेट्रोल झिरपतं. टाकी वर चढवायला मात्र दोघींचा दम निघाला. आत्या खालून खांदा लावून उभ्या, मी पट्टे आवळते आहे, आणि मामा ओट्यावरून बघताहेत. शेवटी मामाच उठले आणि एका बाजूनं हात लावला. "पडंल म्हणून धरलं," ते म्हणाले. "बाकी माझं म्हणणं तेच हाय."

ऊन उतरलं तसे दिनकर पोवार दोर घेऊन आले. त्यांच्याबरोबर त्यांचा ट्रॅक्टरही आला. ट्रॅक्टर आला म्हणून गल्लीही आली. सुवर्णा, तिची जाऊ, सोसायटीचा शिपाई, सगळे कुंपणाला टेकून उभे राहिले.

मी कॅनमधलं पेट्रोल दोनदा फडक्यानं गाळून टाकीत ओतलं, बॅटरीची वायर लावली, आत बसले आणि किल्ली फिरवली.

घूं.

तो आवाज माझ्याशिवाय कुणालाच कळला नसेल. मी स्टार्टर मारला. इंजिन नुसतं खॅक-खॅक करून फिरलं. सुरू झालं नाही.

"लावू का दोर?" दिनकर पोवार म्हणाले.

"जरा दम धरा की!" मी ओरडले. नवी मोटार विहिरीत सोडली की पाइप भरेपर्यंत पाणी वर येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. इथंही नळी रिकामी होती. मी किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली, आवाज थांबू दिला. पुन्हा बंद. पुन्हा चालू. लोक कुजबुजायला लागले. मग स्टार्टर मारला आणि गाडी एकदा खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

सुवर्णानं शिट्टी मारली. बाईमाणसानं भर गल्लीत मारलेली ती पहिली शिट्टी असेल. मी मुद्दाम रेस वाढवली. कुंपणापलीकडच्या लोकांनाच काय, खालच्या आळीलाही ऐकू गेलं पाहिजे होतं. त्या क्षणी मला माझाच इतका अभिमान वाटला की मला ट्रॅक्टरच्या टपावर उभं राहून नाचायचं होतं.

मी गाडी बंद करून उतरले. मामांनी कानावरची बिडी हातात घेतली.

"चालू झाली, ब्येस झालं," ते म्हणाले. "दिनकर, आता वडायला नगं. चालवतच घिऊन जा."

मी किल्ली मुठीत धरली. "मामा, तुमी शब्द दिला हुता."

"दिला हुता. पर पंप जळला कशानं, ते सांग की. तुझ्या चालवण्यानंच न्हवं? आज नवा घातलास, उद्या त्यो बी जाळशील. मला रोजची कटकट नगं."

पान खिशात होतं. ते काढून मामांच्या तळहातावर ठेवलं असतं की संपलं असतं. माझा हात खिशाकडं गेलासुद्धा. पण मला एक आठवलं. गाडी नवी असताना मी ती ओढ्यापाशी बाभळीवर घातली होती. भावकी हसायला जमली तेव्हा आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "झाड वाटंत आलं हुतं." चांगलं कधी म्हटलं नव्हतं त्यांनी मला, पण चारचौघांत उघडंही पाडलं नव्हतं. आणि मला जिंकायचंच होतं, पण त्या बाईला गल्लीसमोर वेडी ठरवून नव्हे. तेवढा माज माझ्यातही होता.

"असंल माझी खोट," मी म्हटलं. "तरी शब्द म्हंजी शब्द. फिरवायचा न्हाई."

"तिची कसली खोट?"

आत्या. खोचलेला पदर तसाच, हातांना पेट्रोलचा वास, आवाज असा की कुंपणापाशी कुजबुज थांबली.

"टाकीत मी वतलं हुतं. पंचामृत. खंडेनवमीला."

दिनकर पोवारांच्या नाकातून हसू फुटलं. मामा आत्यांकडं बघतच राहिले. "येड लागलं काय तुला? गाडीला कोण पंचामृत पाजतं?"

"का? बेंदराला तुमी बैलांस्नी पोळी चारत नव्हतासा? शिंगं रंगवून, पाया पडून? बैल गेलं. गोठा मोकळा पडलाय. आता ह्या घरात राबणारी हीच न्हवं? हिला पोळी चारायला तोंड न्हाई, म्हणून टाकीचं झाकण काढलं आन् वाटी वतली. देवाच्या आदी हिला दिलं. हात जोडलं आन् सांगितलं, माझी सून दिसभर रस्त्यानं एकटी फिरती. तिला मधीच कुठं दगा दिऊ नगंस."

कुणी हसलं नाही.  एवढी वर्षं ज्या बाईच्या तोंडून एक शब्द निघावा म्हणून मी आतल्या आत वाट बघत होते, ती बाई देवाच्या आधी माझ्या गाडीपुढं हात जोडून उभी राहिली होती, आणि मला पत्ता नव्हता. मला रडायला आलं. सकाळी मोठ्या तोंडानं रडत नाही म्हणाले होते, आणि तिथं सगळ्यांसमोर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत उभी राहिले.

आत्यांचं अजून संपलं नव्हतं. "खोड गाडीत न्हाई, चालवणारीत न्हाई. माझ्यात हाय. इकायचंच असंल तर दिनकरला मला इका. बांधा दोर."

"काकी, कायबी काय बोलतासा," दिनकर पोवार पुटपुटले. ट्रॅक्टरकडं जाताना त्यांनी दोर पाठीमागं धरला होता, कुणाला दिसू नये असा.

मामांनी ट्रॅक्टर गल्लीच्या वळणापर्यंत जाताना पाहिला. मग त्यांनी बिडी कानावर परत ठेवली. "चूल पेटवा आता," ते म्हणाले. "दिसभर च्या न्हाई पोटात." त्यांच्या तोंडून माघार एवढीच यायची. आम्हाला ती पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जार भरून गाडीत बसले तर शेजारच्या सीटवर आत्या आधीच बसलेल्या. अंगावर लग्नाकार्याचं हिरवं लुगडं.

"कुठं निघालायसा?"

"चल. बघू तर दे, जातीस कुठं ती."

हायवेवरच्या हॉटेलचा मालक दारातच उभा होता. "काय वहिनी, काल पाणी न्हाई? किती खोळंबा!"

मी कारण सांगायला तोंड उघडलं. पण आत्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली होती.

"गाडी मी बंद पाडली हुती. पंचामृत पाजून."

मालक माझ्याकडं बघायला लागला.

"आन् चालू हिनं केली. टाकी खाली उतरवून. मेकॅनिक न्हाई, कोण न्हाई. माझी सून हाय ही."

मी लाजेनं आणि आनंदानं जार उचलायला मागं पळाले. पण पुढच्या दुकानातही तेच. सोसायटीत तेच. शाळेत तर त्या खाली उतरल्या आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगून आल्या. प्रत्येक ठिकाणी टाकी थोडी जड होत गेली आणि नट जास्त गंजत गेले. आपण काय केलं ते त्या एकाही ठिकाणी लपवेनात. आधी स्वतःची चूक, मग माझं काम, असा त्यांचा क्रम ठरूनच गेला होता.

शेवटच्या दुकानात जार ठेवून मी बाहेर आले तेव्हा आत्या दुकानदाराला सांगत होत्या, "पंपाचं काय घिऊन बसलायसा? उद्या येळ आली तर आक्खं इंजिन उतरवंल ती."

दुकानदारानं मला विचारलं, "खरं काय ओ वहिनी?"

मला इंजिन उतरवायला येत नव्हतं. "व्हय, खरं हाय," मी म्हटलं. आणि ते मी त्याच वर्षी शिकले.